आत्याच्या नळाचा दाब

संगणकाच्या पडद्यावर माझ्या आत्याचे घर म्हणजे एक बारीक निळा ठिपका. ठिपक्याला क्रमांक आहे, जमिनीची उंची आहे आणि त्या घराला किती पाणी लागते याचा अंदाज आहे. ठिपक्यापर्यंत जाणारी रेघ म्हणजे तिच्या गल्लीतला बिडाचा जुना पाइप. असे शेकडो ठिपके रेघांनी जोडले आणि उंच टाकीतले पाणी त्यांत सोडले, की कोणत्या वेळी कोणत्या नळाला किती दाबाने पाणी येईल हे संगणक सांगतो. रस्त्याला कुदळ न लावता हवे तेवढे पाइप बदलून पाहता येतात. बेळगावच्या वडगाव भागाचे असे मॉडेल करण्याचे काम आमच्या सल्लागार कचेरीकडे आले, तेव्हा ते मी मागून घेतले. एम.टेक. होऊन आल्यापासून दुसऱ्यांच्या मॉडेलांतल्या चुका दुरुस्त करण्यात माझे दिवस जात होते. एक संपूर्ण भाग पहिल्या रेघेपासून आपण उभा करावा आणि त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा सापडू नये, अशी माझी इच्छा होती. ती लपवण्याचे मला कधी कारण वाटले नाही.

दुसरे कारण आत्याचा गुडघा.

आम्ही मूळचे निपाणीचे. आत्या लग्न होऊन वडगावात आली ती मागाच्या घरात, आणि बेळगावात कॉलेजला असताना मीही त्याच घरात राहिले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. पुढच्या खोलीत मामांचे दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या अरुंद जागेत मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचे यंत्र. आत्याचे निम्मे आयुष्य या यंत्रासमोर गेले आहे. माग चालू असले की त्या घरात बोलणे म्हणजे ओरडणे, म्हणून दोघांनी खुणांची भाषा तयार केली होती. अंगठा ओठांजवळ नेला की चहा, तळहात गालाला लावला की फोन आला आहे. परीक्षेच्या दिवसांत मी त्या खडखडाटात अभ्यास करत असे. आजही मला पूर्ण शांत खोलीत नीट विचार करता येत नाही.

गल्ली चढाची आहे. पाणी खालच्या तोंडाने शिरते आणि घराघरातून वाटले जात वर चढते. आत्याचे घर सर्वांत वरचे, शेवटचे. नळाला पाणी रोज येत नाही, पाळीने सुटते, आणि पाळी आली की खालच्या घरांतल्या लोकांनी नळांना लावलेल्या विजेच्या मोटरी सुरू होतात. मोटरी पाइपातले पाणी ओढून घेतात. मग आत्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. मात्र पाळीच्या वेळेत वीज गेली, तर सगळ्या मोटरी एकदम थांबतात आणि आत्याच्या नळाला धार लागते. नेमके त्याच क्षणी मामांचे मागही थांबतात. त्यामुळे त्या घरात पाणी आणि शांतता ही नेहमी जोडीने येत असत. मामा मागावरून उठत, हात पुसत मागच्या दारी येत, आत्या नळाखाली बिंदगी, म्हणजे घागर, लावी आणि भरलेली बिंदगी उचलून मामा पिंपात ओतत.

"देवा, अर्धा तास तरी लाईट घालव," पाळीच्या दिवशी आत्या दिव्यापुढे हात जोडून म्हणायची.

"अर्ध्या तासात माझं कापड किती बुडतंय, ठावं हाय?" मामा विचारायचे.

"मग आज कापड पिळूनच प्या."

वीज गेली नाही, तर आत्या बिंदगी घेऊन खाली जायची. गल्लीच्या तोंडाशी कन्नड बोलणारे एक विणकर कुटुंब राहते. तिथल्या बाईंना आत्या आक्का म्हणते आणि त्याही आत्याला आक्काच म्हणतात. दोघींपैकी मोठी कोण याचा निकाल अजून लागलेला नाही. पाणी सुटले की त्या खालून हाक मारत, "आक्का, नीर बंत नोड्री!" म्हणजे पाणी आले बघा. त्यांच्या अंगणातल्या नळावर बिंदग्या भरायच्या आणि चढ चढून आणायच्या, हे आत्याने वर्षानुवर्षे केले. मग तिचा उजवा गुडघा सुजू लागला.

माझा आतेभाऊ पुण्यात नोकरी करतो. दोघांनी माग विकून आपल्याकडे यावे असा त्याचा आग्रह होता, आणि त्यात मला वावगे काही दिसत नव्हते. त्याच्या इमारतीत पाणी दिवसभर असते, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहेत.

"व्हय की, सगळं हाय," आत्या त्याला फोनवर म्हणाली. "पर तुझ्या बाबांचे माग कुठं ठेवू? गॅलरीत?"

"आई, माग विकायचेच आहेत."

"मग तुझ्या बाबांना कुठं ठेवू?"

हसणे झाले, पण गुडघा हसण्याने बरा होत नव्हता. शेवटी असे ठरले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची. तोवर घराच्या नळाला पाणी चढले नाही, तर माग विकायचे आणि पुण्याला जायचे. त्या संध्याकाळी मामांनी दोन्ही मागांना तेल घातले, आणि तो तेल घालण्याचा दिवस नव्हता.

आमच्या मॉडेलवरूनच वडगावातल्या कोणत्या गल्ल्यांचे पाइप सुधारायचे हे ठरणार होते. म्हणजे आत्याचे राहणे की जाणे हे माझ्या एका ठिपक्यावर येऊन थांबले होते. याचा अर्थ मी तिच्या गल्लीला झुकते माप द्यावे असा होत नव्हता. तिची गल्ली खरोखरच तहानलेली होती. मला फक्त खरे आकडे हवे होते.

मॉडेल खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी काही निवडक नळांवर प्रत्यक्ष दाब मोजतात आणि संगणकाने सांगितलेला दाब त्याच्याशी ताडून पाहतात. दोन्ही जुळेपर्यंत पाइपांविषयीची गृहीतके दुरुस्त करत जायची. एक नळ मी आत्याचा निवडला आणि आदल्या दिवशी तिला फोन केला.

"उद्या पाळीला येते. नळाला मीटर लावून दाब मोजायचा आहे."

"आमच्याच नळाला?"

"हो. मोठ्या कचेरीत दाखवायचा आहे."

"मोठ्या कचेरीत? किती वाजता लावणार तू?"

मी वेळ सांगितली. तिने ती पुन्हा विचारून पक्की केली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून गल्लीत शिरले, तेव्हा बहुतेक घरांच्या दारांत कोणी ना कोणी उभे होते. आत्याने कपाटातली इरकल नेसली होती. सगळ्या घरांतले माग नेहमीप्रमाणे धडधडत होते, त्यामुळे बाकी काही ऐकू येणे शक्य नव्हते. मी नळाला मीटर जोडला, तोटी उघडली आणि काटा एका दमात वर गेला. मला सुखद धक्का बसला. मी आकडा टिपला, थोड्या वेळाने पुन्हा टिपला. काटा हलला नाही.

आत्याने खुणेने विचारले, किती? मी आकडा बोटांनी दाखवला. ती दारापर्यंत गेली आणि तिने तो आकडा तसाच बोटांनी गल्लीला दाखवला. खालच्या आक्कांनी तिथूनच दोन्ही हात जोडले. मीटर काढून होईतो त्यांच्याकडून माझ्यासाठी चहाची किटलीही आली.

कचेरीत आल्यावर मी मॉडेल जुळवायला बसले. आत्याच्या ठिपक्यावर संगणक कमी दाब सांगत होता आणि मीटर भरपूर. दोन्ही जुळण्यासाठी मी गल्लीतल्या पाइपाचा आतला खडबडीतपणा कमी करत गेले. पाइप जितका गुळगुळीत, तितका दाब कमी वाया जातो. शेवटी सगळे आकडे इतके सुरेख जुळले की आमच्या वरिष्ठांनी खुर्ची जवळ ओढून घेतली.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. "इतकं चांगलं जुळलेलं मॉडेल मी या कचेरीत पाहिलं नाही. ही गल्ली तर सुस्थितीत आहे. कामांच्या यादीतून काढू."

हे कौतुक मी ऐकले आणि मला ते आवडले. मग मला ऐकू आले ते वाक्याचे शेवटचे टोक.

मी जागेवर परत आले आणि पाइपाच्या खडबडीतपणाचा आकडा पुन्हा पाहिला. आमच्या जन्माआधी पुरलेला, गंजलेला बिडाचा पाइप माझ्या मॉडेलमध्ये कालच कारखान्यातून आल्यासारखा गुळगुळीत झाला होता. असा पाइप असू शकत नाही. दुसरीकडे, मीटर चुकीचा नव्हता. तो मी स्वतः तपासला होता. मग एकच शक्यता उरत होती. पाइपातून पाणी वाहत असेल तरच घर्षणाने दाब घटतो. पाणी वाहतच नसेल, तर पाइप कितीही खडबडीत असला तरी फरक पडत नाही. मी संगणकात त्या गल्लीतली सगळी मागणी शून्य केली आणि पाइपाला त्याचे खरे वय परत दिले. आत्याच्या ठिपक्यावर नेमका मीटरने दाखवलेला आकडा उमटला.

म्हणजे भर पाळीच्या वेळी त्या गल्लीत एकही माणूस पाणी भरत नव्हता.

संध्याकाळी मी सरळ वडगाव गाठले. आत्या कांड्या भरत होती. मी तिचे यंत्र बंद केले.

"आत्या, परवा मीटर लावला तेव्हा गल्लीतले नळ बंद होते का?"

"बंदच की," ती अभिमानाने म्हणाली. "एक न्हाय सुटला. घराघरांत सांगून आलो की मी. आमची पोर कचेरीतनं मोजायला येणार हाय, तासभर कुणी तोटीला हात लावायचा न्हाय म्हणून."

"पण का?"

"का म्हणजे? तुझा दाब चांगला पडाय नको?"

मी खाली बसले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "कमी पडला व्हय?"

"चांगला पडला. म्हणूनच गल्लीचं नाव यादीतून निघतंय. पाणी चांगलं येतंय म्हटल्यावर नवा पाइप कोण देईल?"

मामांनी मागही थांबवले होते; ते दारात उभे राहून ऐकत होते.

"लेकराला पाहुणे बघाय आले की नाक पुसून बसवतात, तसं केलीस तू," मामा म्हणाले. "अगं, डॉक्टरला दाखवताना ताप उतरवून कोण नेतंय का?"

"मला काय ठावं, वाईट मार्क पाहिजे होते म्हणून!"

मला हसू आले. दहावीच्या निकालापासून एम.टेक.च्या प्रवेशापर्यंत माझा प्रत्येक आकडा या बाईने गल्लीत मिरवला होता. तिच्या लेखी मीटर माझी परीक्षा घेत होता. माझा पेपर चांगला जावा म्हणून तिने आपली पाळी रिकामी घालवली, आणि गल्लीनेही. मोटर लावणाऱ्या त्याच घरांनी एका शब्दावर मोटरी बंद केल्या होत्या. बिंदगीभर पाण्यासाठी जी गल्ली धावते, तिने माझ्या नावाने तासभर तहान धरली होती.

"पुढच्या पाळीला परत मोजते," मी म्हणाले. "रोजच्यासारखं राहायचं. एवढंच."

"व्हय व्हय, कळलं," आत्या म्हणाली. तिचा तो स्वर ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

पुढच्या पाळीला मी गेले तर गल्लीच्या गटारातून स्वच्छ पाणी वाहत होते. प्रत्येक तोटी सताड उघडी, प्रत्येक मोटर सुरू. ज्यांच्याकडे मोटर नव्हती त्यांनी मेव्हण्याची आणली होती. कोणी अंगण धूत होते, कोणी स्कूटर, एका घरासमोर तर धुतलेल्या पायऱ्या पुन्हा धुतल्या जात होत्या. आत्याच्या नळावर मीटरचा काटा शून्याच्या किंचित वर थरथरत राहिला.

"नापास?" आत्याने आशेने विचारले.

"साफ नापास," मामा म्हणाले. "मागल्या पाळीला पहिला नंबर, आज नापास. पोरीनं कचेरीत काय सांगायचं?"

मी चिडले नाही असे म्हणता येणार नाही. पण परत जाताना स्कूटरवर मी विचार करू लागले, आणि लष्करी कॅम्पातल्या झाडांखालून जाताना माझ्या लक्षात आले की मी कुरकुरते आहे ती चुकीच्या गोष्टीवर. सगळे नळ बंद असतानाचा दाब आणि सगळे नळ उघडे असतानाचा दाब, या दोन टोकांच्या नोंदी मिळाव्यात म्हणून आमच्या क्षेत्रात लोकांना पत्रके वाटावी लागतात, विनवण्या कराव्या लागतात, तरी अर्धे लोक ऐकत नाहीत. पहिल्या नोंदीतून जमिनीची उंची आणि टाकीची पातळी पक्की होते. दुसरीतून पाइप आतून किती गंजला आहे ते कळते. माझ्या आत्याने दोन्ही चाचण्या, दोन पाळ्यांत, इरकल नेसून पार पाडल्या होत्या.

उरले होते ते रोजचे खरे चित्र. त्यासाठी मी डबीएवढे एक यंत्र आणले. नळाला एकदा जोडले की ते दाबाची नोंद आपोआप ठेवत राहते.

"आता कुणाला काही सांगायचं नाही," मी बजावले. "चांगलंही नाही, वाईटही नाही."

"कोण काय सांगतंय? तोंड शिवून बसतो." तिने यंत्राकडे निरखून पाहिले, आत गेली, हळदकुंकवाची कुयरी घेऊन आली आणि यंत्राच्या पाठीला दोन बोटे लावली. "नवं यंत्र हाय. तसंच कसं कामाला लावायचं?"

मागाच्या घरातला नियम यंत्रालाही लागू होता. मी आक्षेप घेतला नाही.

काही पाळ्या होऊन गेल्यावर मी यंत्र काढून नेले आणि त्यातला आलेख पडद्यावर उघडला. पहिल्या पाळीचा आलेख सौजन्याने सुरू होतो. गल्लीला यंत्राचा पत्ता लागलेला असणारच, कारण दाब आधी चांगला आहे. मग धीर सुटत गेल्याप्रमाणे तो एकेक पायरी उतरतो. प्रत्येक पायरी म्हणजे एका घराची मोटर. पुढच्या पाळ्यांत कुणालाच यंत्राची आठवण राहिली नव्हती आणि आलेख तळाशी लोळत होता. एका ठिकाणी मात्र तो अचानक उभा चढला होता, काही काळ वर राहिला होता आणि तितक्याच अचानक कोसळला होता. वीज गेली आणि आली, एवढाच त्याचा अर्थ. मी त्या उंचवट्याकडे पाहत राहिले. मागांचे थांबणे, मामांचे हात पुसत येणे, बिंदगीच्या तळावर पडणारी पहिली धार, हे सगळे त्या रेघेत होते. ते दुसऱ्या कुणाला वाचता आले नसते.

आता मॉडेल जुळले, आणि पाइप आपल्या वयाचा राहून जुळले. मोटरी बंद करा असे सांगणे हा उपाय नव्हता. गल्ली माझ्यासाठी एक पाळी थांबली होती, पण माणसांनी दर पाळीला थांबावे ही अपेक्षा धरून पाणीपुरवठा आखता येत नाही. मी वेगवेगळे पर्याय चालवून पाहिले. गल्लीच्या वरच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून एक मोठा पाइप जातो. त्याला आणि आत्याच्या घराजवळच्या टोकाला एका छोट्या पाइपने जोडले, की गल्लीला दोन्ही बाजूंनी पाणी मिळते. संगणकात मी ती रेघ ओढली आणि निळा ठिपका हिरवा झाला, म्हणजे दाब पुरेसा. खालच्या मोटरी सुरू ठेवूनही तो हिरवाच राहिला.

वरिष्ठांनी दोन्ही मॉडेले शेजारी शेजारी पाहिली. "आणि त्या सुरुवातीच्या दोन नोंदी? चुकीच्या म्हणून काढल्या का?"

"नाही सर, ठेवल्या. एक शून्य मागणीची चाचणी आहे, दुसरी कमाल मागणीची."

"पूर्ण गल्लीत? लोकांना कसं तयार केलंत?"

"स्थानिक समन्वय," मी म्हणाले. अहवालातही तेच शब्द आहेत.

गल्ली यादीत परत आली. मंजुरी, निविदा, खोदाई यांत हिवाळा गेला. आतेभावाने मागांसाठी गिऱ्हाईक पाहून ठेवले होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी वरच्या रस्त्यावर चर खणला गेला, पाइप जोडला गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्या पाळीला मी वडगावात होते. वीज होती. माग धडधडत होते. खालून आक्कांची हाक आली असेल, पण ती ऐकू येण्याआधीच मागच्या दारी नळाने एकदा खाकरल्यासारखे केले आणि जाड, अखंड धार बिंदगीत पडली. आत्याने धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला.

त्याच दिवशी तिने आतेभावाला फोन लावला. पुढच्या खोलीतल्या आवाजामुळे ती ओरडूनच बोलत होती. "त्या गिऱ्हाइकाला न्हाय म्हणून सांग! न्हाय म्हणजे न्हाय! आणि सुट्टीला तूच ये हिकडं, पाणी लई हाय!"

परवा मी पुन्हा गेले होते. पाळी होती. आता नळाला लांब नळी जोडलेली आहे, ती पिंपात सोडली की उचलायचे काही उरत नाही. गुडघ्याची सूज बरीच उतरली आहे. मी म्हटले, "आता आराम झाला की नाही?"

"झाला की." तिने नळी सरळ केली. "पर एक हाय बघ. आधी लाईट गेली की तेवढं तरी ते इथं येऊन बसायचे. बिंदग्या उचलायचे, काय बाय बोलायचे. आता पाणी भरतंय आणि मी एकटीच भिंतीशी बोलतोय."

ती उठली, मधल्या खोलीत गेली, आणि मला काही कळायच्या आत तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. दोन्ही माग थांबले. त्या शांततेत पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज घरभर पसरला.

"लाईट गेली बघा!" आत्याने पुढच्या खोलीकडे हाक दिली.

शेजारच्या घरांतले माग स्पष्ट ऐकू येत होते. मामांनाही ते ऐकू येत असणारच. ते हात पुसत मागच्या दारी आले, पिंपाशेजारच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "गेली व्हय? बरं झालं. चहा टाक."